दक्षिण इटलीचा समुद्र, पाच माणसं, त्यात एक कडक शाकाहारी – दोन हजार युरोत जमेल का?

मेथीची_जुडी | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. घरात नवरा, मी, नऊ वर्षांचा लेक आणि पाच वर्षांची लेक. ऑगस्टच्या सुरुवातीला सासूबाई सांगलीहून येताहेत, ऑक्टोबर संपता संपता परत. वय ६८, गुडघे ठणठणीत, पण खाणं कडक शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.

मुलांना समुद्र पाहिजे. नवरा म्हणतो, "नुसतं वाळूत लोळायला मी येणार नाही, काहीतरी जुनं बघायला पाहिजे." मला आठ दिवस ओट्यासमोर उभं राहायचं नाहीये. आणि सगळ्यांचं मिळून बजेट विमानासकट दोन हजार युरो. काल अमाल्फीची हॉटेलं बघितली. मग लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला.

गाडी भाड्याने घ्यायची तयारी आहे, पण नाही घेतली तर बरं. शाळेच्या सुट्ट्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहेत. सुचवा काहीतरी.

---

शेंगदाणा | १२ एप्रिल, रात्री १०:०५

तारकर्लीला या. समुद्र आहे, सिंधुदुर्ग किल्ला आहे (जुनं!), सासूबाईंना सोलकढी आणि मोदक. इटलीवाले काय वेगळं देणार?

---

मेथीची_जुडी | १२ एप्रिल, रात्री १०:१२

@शेंगदाणा, पाच जणांचं स्टुटगार्ट-गोवा विमानभाडं तुम्ही भरणार असाल तर उद्याच बॅगा भरते :)

---

वाटाड्या | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

रोममध्ये बारा वर्षं काढली आहेत, त्या जोरावर सांगतो: चिलेंतो.

नकाशावर नेपल्स बघा, तिथून खाली सालेर्नो. सालेर्नोच्या पश्चिमेला जो कडेकपारीचा तुकडा आहे तो अमाल्फी, तिथे जगभरचे लोक इन्स्टाग्रामसाठी जातात. सालेर्नोच्या खाली सेले नदीचं सपाट खोरं लागतं आणि मग डोंगर सुरू होतात, तो चिलेंतो. समुद्र तोच. फक्त इथे येणारे बहुतेक इटालियनच, म्हणून भाव माणसांत आहेत. एक सावधगिरी: १५ ऑगस्टच्या आसपास सगळं नेपल्स इथे येऊन पडतं, त्यांची मोठी सुट्टी असते. तेव्हा भाव दुप्पट आणि वाळूवर पाय ठेवायला जागा नाही. तुम्हाला सप्टेंबरचा पहिला आठवडा मोकळा आहे ना? मग त्यासारखं भाग्य नाही. पाणी तोपर्यंत उन्हाळाभर तापून कोमट झालेलं असतं.

मुलं लहान आहेत म्हणून मुक्काम पेस्टमला करा. लांबच लांब वाळूचा किनारा, उतार हळू, मागे पाइनची झाडं. अग्रोपोली आणि कास्तेल्लाबाते दिसायला जास्त देखणी आहेत, पण चढउतार फार.

नेपल्सच्या मुख्य स्टेशनातून पेस्टमला थेट रिजनल गाडी आहे, साधारण सव्वा ते दीड तास. चार वर्षांखालचं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट. पेस्टमला गाड्या मोजक्याच थांबतात, वेळापत्रक आधी बघा. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये ठप्पा मारा. नाही मारला तर तिकीट असूनही दंड. मी भरलाय. इटालियनमध्ये भांडलोही, उपयोग झाला नाही.

आणि संप. इटलीत रेल्वेचा संप पावसासारखा येतो, फरक एवढाच की तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात काही रिजनल गाड्या सोडाव्याच लागतात. लक्षात ठेवा, कधीतरी कामाला येईल.

राहायला हॉटेल शोधू नका, 'अग्रितुरिस्मो' शोधा. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्याच शेतातलं जेवायचं.

---

इतिहासकिडा | १३ एप्रिल, सकाळी ११:१५

वाटाड्यांनी पेस्टमचं नाव घेतलं आणि देवळांचा उल्लेखच नाही! कुठे फेडाल हे पाप?

मेथीताई, तुमच्या यजमानांना सांगा, हे गाव ग्रीकांचं. दक्षिण इटलीतल्याच सिबारिस या ग्रीक वसाहतीतल्या लोकांनी इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास इथे शहर वसवलं आणि समुद्रदेवाच्या नावावरून त्याला पोसेदोनिया म्हटलं. पुढे डोंगरातल्या लुकानी लोकांनी ते घेतलं, मग इ.स.पू. २७३ मध्ये रोमनांनी वसाहत केली. 'पेस्टम' हे रोमन नाव. नंतर दलदल वाढली, हिवताप आला, समुद्रातून हल्ले झाले आणि माणसं डोंगरात निघून गेली. गाव ओस पडलं, म्हणूनच देवळं वाचली. वस्ती राहिली असती तर त्या दगडांची घरं झाली असती.

तीन देवळं आहेत आणि तिन्ही इतकी उभी आहेत की ग्रीसमध्येही अशी क्वचित सापडतात. सगळ्यात जुनं हेरा या ग्रीक देवीचं, इ.स.पू. ५५०च्या सुमाराचं. मुलांना खांब मोजायला लावा: समोर नऊ, बाजूला अठरा. समोर नऊ म्हणजे मधोमध खांब येतो, देवळाच्या बरोबर कण्यात. पुढच्या देवळांत ही भानगड नाही, तिथे समोर सहा. खांबांची पोटं बघा, फुगलेली आहेत. १८व्या शतकातल्या लोकांना हे देऊळ वाटेचना, त्यांनी त्याला 'बॅसिलिका' (रोमनांचं सभागृह) म्हणून टाकलं आणि ते नाव अजून चिकटलंय. शेजारचं मोठं देऊळ त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी बांधलेलं. दोन्हींच्या मध्ये उभं राहिलं की एका शतकात लोकांचा हात कसा बसला ते दिसतं. १७८७ मध्ये जर्मन कवी गटे आला तेव्हा त्याला हे बुटके जाड खांब आधी ओबडधोबड आणि भयंकर वाटले होते, नंतर सूर सापडला. तुम्हालाही दहा मिनिटं द्यावी लागतील.

आणि संग्रहालय टाळू नका. १९६८ मध्ये शहराच्या तटाबाहेर एक थडगं सापडलं, इ.स.पू. ४८० ते ४७०चं. पाच दगडी फरश्या, आतून रंगवलेल्या. चार बाजूंना मेजवानी चालली आहे, कुणी वाद्य वाजवतंय, कुणी प्याला फिरवतंय. वरच्या झाकणावर, आतल्या बाजूने, एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. बस, एवढंच. तो 'पाणबुड्या' बघायला लोक जगभरातून येतात.

पैशांचं: सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखाली प्रवेश फुकट, कुठल्याही देशाचं मूल असो. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांनाच फुकट. तुमच्या आठवड्यात तो पडतोय!

---

उनाड_पोरगी | १३ एप्रिल, दुपारी १:५०

मी वेगळं मत मांडते. इटलीच्या बुटाच्या टाचेला जा, सालेंतोला. ओत्रांतोचं पाणी बघितल्यावर बाकी समुद्र टबातले वाटतात. आणि तिथल्या कॅथेड्रलची अख्खी जमीन मोझेकची आहे, ११६३ ते ११६५ मध्ये पांतालेओने नावाच्या साधूने केलेली. एक प्रचंड झाड, त्यावर प्राणी, राजे, राक्षस, बारा महिने, सगळा मसाला. आणि ते झाड दोन हत्तींच्या पाठीवर उभं आहे! मुलांना खाली बसून बघता येतं. त्याच चर्चमध्ये १४८०च्या तुर्की हल्ल्यात मारल्या गेलेल्या आठशे लोकांच्या कवट्या कपाटात रचून ठेवल्या आहेत. हे मात्र पाच वर्षांच्या मुलीला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ब्रिंदिसीपर्यंत स्वस्त विमानं मिळतात. तोटा एकच, गाडीशिवाय हाल. लेच्चेसारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेत. आम्ही गूगलच्या भरवशावर आत शिरलो. पाच महिन्यांनी घरी दंडाचं पाकीट आलं.

---

खडपेकाका | १३ एप्रिल, रात्री ८:२०

थोडं अवांतर.

बुटाच्या टाचेचा विषय निघाला म्हणून. माझे वडील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. आठवी इंडियन डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली, त्यात ते होते. घरी युद्धाबद्दल काही विचारलं की दोनच गोष्टी सांगत: उतरल्यावर खाल्लेली द्राक्षं, आणि पुढे सांग्रो नदीकाठचा चिखल. "गुडघ्याएवढा. खेचरं रडायची." यापलीकडे शब्द नाही.

मी २०१४ मध्ये सांग्रोच्या युद्धस्मशानात जाऊन आलो. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालेलं, त्यांची नावं दगडावर कोरली आहेत. सातारा-कोल्हापूरकडची आडनावं वाचत बराच वेळ उभा होतो. ते ठिकाण पूर्व किनाऱ्यावर आहे, तुमच्या वाटेवर नाही. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

मेथीची_जुडी | १३ एप्रिल, रात्री ९:०२

काका, अवांतर कसलं. माझ्या माहेरच्या गावातलेही काही जण त्या लढाईत होते असं आजी सांगायची. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

---

सांजवात | १४ एप्रिल, सकाळी १०:४५

मी लग्न करून सालेर्नोत आले, सासर इटालियन, त्यामुळे शाकाहाराच्या लढाया माझ्या सगळ्या लढून झाल्यात. मेथी, तुझ्या सासूबाईंसाठी लिहून घे.

चिलेंतो हा गरीब शेतकऱ्यांचा मुलूख होता, त्यामुळे रोजचं जेवण कडधान्यांचं. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज इथल्या पियोप्पी गावात येऊन राहिला तो हेच खाणं अभ्यासायला, आणि शंभर वर्षं जगला. जगभर जे 'मेडिटेरेनियन डाएट' म्हणून गाजतंय ते इथलंच घरगुती जेवण. 'लागाने ए चेची' मागवा. रुंद पट्ट्यांचा पास्ता, छोले, लसूण, ऑलिव्ह तेल. तुमच्या वरणफळांची इटालियन चुलतबहीण. इकडचा हाताने केलेला पास्ता बहुधा रव्याचा आणि पाण्याचा असतो. पण विचारायचंच: 'सेन्झा उओवा', बिनअंड्याचा. फेलित्तो गावचा फुसिल्ली मात्र अंड्याचा.

खरा दगाफटका मासळीचा. 'अलीची' म्हणजे खारवलेले छोटे मासे, ते कुठेही लपलेले असतात. भाज्यांत, पिझ्झावर, टोमॅटोत भिजवलेल्या कडक पावावर. दुसरा 'स्त्रुत्तो' किंवा 'सुन्या', म्हणजे डुकराची चरबी. नेपल्सच्या बाजूच्या खुसखुशीत ताराल्ली त्यातच मळतात. कडबोळ्यांसारख्या दिसतात म्हणून आई हात घालतील, लक्ष ठेव.

आणि एक कडू गोष्ट. पेस्टमच्या आसपास म्हशीच म्हशी आहेत, ताजं मोझरेला तिथलं जगप्रसिद्ध. पण ते दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने फाटवतात. तुला चालत असेल तर खा, पण आईंना सांगून काय ते ठरू दे. न सांगता खाऊ घालू नकोस.

---

मेथीची_जुडी | १४ एप्रिल, सकाळी ११:२०

सांजवात, मिठी. रेनेटचं मला माहीतच नव्हतं. पार्मेजानमध्ये पण??

---

सांजवात | १४ एप्रिल, सकाळी ११:२४

पार्मेजानमध्ये पण. आणि रिकोत्ता त्याच चीजच्या निवळीचा, म्हणजे तोही त्यातच. आइस्क्रीममध्ये 'फियोर दि लात्ते' घ्या, नुसतं दूध-साखर-साय. बाकीच्यांत अंडं असू शकतं.

---

पंक्चरवाला | १५ एप्रिल, दुपारी ४:१०

गाडी घेतलीच तर: निळ्या रेषा पैसे भरून पार्किंग, पांढऱ्या फुकट, पिवळ्या रहिवाशांच्या किंवा राखीव. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीट सक्तीची. आणि क्रेडिट कार्ड लागतं, गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं.

---

नाशिकची_द्राक्षं | १६ एप्रिल, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. आम्ही नाशिकहून जायचं म्हटलं तर व्हिसाचे किती पडतील? आम्ही दोघं आणि सात नि चार वर्षांची मुलं.

---

वाटाड्या | १६ एप्रिल, सकाळी ९:४०

जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखाली फुकट. म्हणजे तुमचे २२५, वर केंद्राचा सेवाआकार. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण सुट्टीच्या हंगामात तारीख मिळणं हेच खरं काम. भारतातून नुसत्या समुद्रासाठी एवढा खर्च करू नका, रोम-नेपल्स जोडून घ्या.

---

मेथीची_जुडी | २ मे, रात्री १०:३०

ठरलं! पेस्टम. ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. अग्रितुरिस्मो रात्रीचे ९० युरो, न्याहारीसकट, दोन खोल्या. उनाड_पोरगी, तुझे हत्ती पुढच्या खेपेला.

---

शेंगदाणा | २१ सप्टेंबर, रात्री ८:००

धागा वर काढतोय. मेथीताई इटलीत हरवल्या की काय?

---

मेथीची_जुडी | २१ सप्टेंबर, रात्री ११:१५

नाही हो, शाळा सुरू झाली, त्यात हरवले होते. आता बसून लिहिते.

आधी हिशोब, कारण धागा त्यासाठीच काढला होता. विमान ६२०. राहणं ७२०. शेतावरची रात्रीची जेवणं चार वेळा, ३२०. रेल्वे ८५. तिकिटं ४५. किनाऱ्यावर छत्री नि दोन खुर्च्या चार दिवस, ६०. एक टॅक्सी ६०. बाकी बाजार, फळं, पिझ्झा, आइस्क्रीम मिळून २१०. एकूण २१२०. बजेटच्या १२० वर गेले, त्यातले निम्मे तरी आइस्क्रीमचे.

छत्री चार दिवस आणि मग बंद. का, तर खाजगी 'लिदो'च्या शेजारीच मोकळा किनारा होता, 'स्पियाज्जा लिबेरा'. वाळू तीच, पाणी तेच, पैसे शून्य. पाचव्या दिवशी गावातल्या दुकानातून बारा युरोची छत्री घेतली (बाजारात धरली आहे). तिथल्या इटालियन आज्या सकाळी आठला येऊन जागा धरत होत्या, आमच्या आईपण आठला जायला लागल्या. तीन दिवसांत त्यांची गट्टी. भाषा काही नाही, नुसते हातवारे आणि नातवंडांचे फोटो.

पहिल्या रविवारी फुकटात देवळं. सकाळी साडेआठला गेलो म्हणून बरं, अकराला जत्रा लोटली. लेकाने खांब मोजले, नऊ आणि अठरा, इतिहासकिडा पास. मग म्हणाला, "मधोमध खांब आहे तर देव कुठे ठेवायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, नवऱ्याने पंधरा मिनिटं दिलं.

त्या पाणबुड्यासमोर मात्र सगळे गप्प झालो. मला वाटलं होतं भिंतभर असेल. केवढीशी फरशी, दोन बारकी झाडं, एक उंच चौथरा आणि तो उघडा मुलगा, मान वर उचललेली. लेक म्हणाला पाणी फार कमी आहे, डोकं आपटेल. आई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आतल्या बाजूनं काढलंय. म्हणजे बघणारा एकटाच, तो आत निजलेला." गाइडच्या ऑडिओत असं कुणी म्हटलं नाही.

वेलिया या जुन्या ग्रीक शहराला रेल्वेने असेआ स्टेशनपर्यंत गेलो. इतिहासकिडा, तुम्ही याबद्दल काहीच सांगितलं नाहीत! पार्मेनिदीस आणि झेनो या ग्रीक तत्त्ववेत्त्यांचं गाव. वेगवान अकिलीस पुढे निघालेल्या कासवाला कधीच गाठू शकत नाही, ही झेनोची शर्यत जिथे सुचली ती जागा. नवरा खुळावला होता. वर पोर्ता रोझाकडे जायचा चढ, सावली नाही, बारा वाजलेले. लेकाने आजीशी शर्यत लावली, अर्ध्या वाटेत धापा टाकत बसला, आई पदर डोक्यावर घेऊन संथपणे पुढे. "झेनो बरोबर होता," हे वाक्य त्यानंतर नवऱ्याने किमान वीस वेळा म्हटलं. त्या दगडी कमानीखाली गार वारा येतो, तिथे बसून दशम्या खाल्ल्या. वेलियाच्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पेस्टमला जाता आलं. उतरत्या उन्हात ते खांब मधाच्या रंगाचे होतात.

फजिती: पादुलाचा मठ बघायला एक दिवस गाडी ठरवली होती. काउंटरवर कळलं नवऱ्याचं कार्ड डेबिट आहे. पंक्चरवाला, तुम्ही सांगितलं होतं, मी वाचलं होतं, नवऱ्याला सांगायला विसरले. पादुला रद्द. त्याऐवजी शेतमालकिणीच्या भाच्याने टॅक्सीने कास्तेल्लाबातेला नेलं, तेच ते ६० युरो.

परतीच्या दिवशी संप! वाटाड्यांच्या 'सहा ते नऊ'ने विमान वाचवलं. सातची गाडी पकडली.

आणि आता म्हशी. शेतापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक डेअरी होती. काचेपलीकडे चीज करतात ते बघता येतं. वाफाळत्या पाण्यात दह्यासारखा लगदा, दोन माणसं समोरासमोर. एक तो ओढून लांबवतो, दुसरा अंगठा आणि तर्जनीत धरून पिळून गोळा तोडतो. 'मोत्सारे' म्हणजे तोडणे, त्यावरून मोझरेला. गोळा पडतो तेव्हा टप्पकन आवाज येतो, आपण गोवऱ्या थापताना येतो तसा. आई तिथे अर्धा तास. रेनेटचं मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे चीजला हात लावला नाही. आम्ही चौघांनी त्यांच्यादेखत खाल्लं, जरा ओशाळून. खाऱ्या पाण्यातून काढलेलं, कोमट, दाताखाली दूध सुटतं.

मग गोठा. म्हशींना पाठ खाजवायला फिरता ब्रश, बसायला रबरी गादी. आमच्या आईंचं बालपण म्हशी हाकण्यात गेलंय. बघून म्हणाल्या, "आमच्याकडं सुनेला बी एवढं करत नव्हते."

पण तिथे दही मिळालं. म्हशीच्या दुधाचं, काचेच्या बरणीत, चमचा उभा राहील असं. आईंनी एक घास घेतला, मान हलवली, आणि पुढचे सहा दिवस दही, छोले, पाव आणि अंजिरं यावर मजेत काढले. लागाने ए चेची दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांनी शेतमालकिणीला पिशवीतला गोडा मसाला दिला, तिने तो पुढच्या छोल्यांत घातला. सांजवात, तुझ्या मुलखात आता आमटी पोचली आहे.

---

सांजवात | २२ सप्टेंबर, सकाळी ७:१०

हसून हसून पुरेवाट. त्या बाईंनी मसाल्याचं नाव विचारलं का?

---

मेथीची_जुडी | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४०

विचारलं. आई म्हणाल्या "गोडा". तिने चाखून बघितलं आणि म्हणाली, गोड तर नाहीये.

---

खडपेकाका | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

त्या दह्याचं विरजण आणलंत की नाही?

---

मेथीची_जुडी | २२ सप्टेंबर, रात्री ९:०५

काका, तुम्ही ओळखलंत! आईंनी क्रीमची रिकामी डबी धुऊन त्यात दोन चमचे आणलं. विमानतळावर मला घाम फुटला होता, पण डबी ५० मिलीची, कुणी विचारलंही नाही. इथे गाईच्या दुधाला लावलं, तितकं घट्ट नाही होत, पण चव आहे. दिवसाआड लावतेय.

---

उनाड_पोरगी | २२ सप्टेंबर, रात्री ९:२०

मी उल्मला असते, तुमच्यापासून तासभर. मिळेल का थोडं?

---

मेथीची_जुडी | २२ सप्टेंबर, रात्री ९:२६

शनिवारी ये. आई २८ ऑक्टोबरला परत जाताहेत, त्याआधी ये म्हणजे त्यांच्या हातचं जेवशील. डबी घेऊन ये.